शिवारातला ओझोन कोण मोजणार?

दरवर्षी १६ सप्टेंबरला जगभर ओझोन दिन पाळला जातो. १९८७ साली याच दिवशी माँट्रियल करारावर सह्या झाल्या, १९९२ मध्ये भारतही त्यात सामील झाला, आणि आकाशातील ओझोनचे कवच आता हळूहळू सावरू लागले आहे. राष्ट्राराष्ट्रांत एकवाक्यता किती दुर्मिळ झाली आहे हे पाहता या यशाचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु या सोहळ्यात ओझोनच्या दुसऱ्या रूपाचा विसर पडतो. परभणीसारख्या कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्याशी त्या रूपाचा थेट संबंध असल्यामुळे त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

वायू एकच, पण स्थानपरत्वे तो तारक किंवा मारक ठरतो. सुमारे ९० टक्के ओझोन आकाशाच्या वरच्या थरात असतो आणि सूर्याचे अतिनील किरण अडवून जीवसृष्टीचे रक्षण करतो. उरलेल्यापैकी जो जमिनीलगत असतो, तो मोटारी, विद्युत्‌केंद्रे आणि जाळलेला काडीकचरा यांच्या धुरावर ऊन पडून वाढतो. पानांच्या रंध्रांतून तो आत शिरतो आणि दाणा किंवा बोंड भरण्याच्या ऐन वेळी पिकाचे बळ खातो. पावसाळ्यात त्याचा जोर कमी असतो; आभाळ निवळून ऊन पडू लागले की तो वाढतो. कापूस फुटण्याचा आणि पुढे गहू वाढण्याचा काळ तोच.

ओझोन मोजण्याची विद्या महाराष्ट्राला परकी नाही. पुण्याच्या वेधशाळेत काम केलेले डॉ. के. आर. रामनाथन यांनी करंदीकर यांच्यासह १९४९ साली उष्ण कटिबंधातील ओझोनच्या उंचीनिहाय विभागणीवर निबंध प्रसिद्ध केला. रामनाथन यांचे शिष्य जे. व्ही. दवे यांनी मेटीर या शास्त्रज्ञासमवेत १९६७ मध्ये उपग्रहावरून ओझोन मोजता येईल का, याचा विचार मांडला. त्यामागील तत्त्व सोपे आहे. हवेतून परत फिरणाऱ्या सूर्यप्रकाशातील काही किरण ओझोन शोषून घेतो, शेजारचे काही सोडून देतो; दोहोंची तुलना केली की मधल्या ओझोनचा हिशेब लागतो. १९७८ च्या निंबस-७ पासून २०१७ च्या युरोपीय सेंटिनेल-५पी पर्यंतच्या उपग्रहांनी हे काम चोख केले आहे. आपल्या इन्सॅट-३डी उपग्रहानेही, निराळ्या किरणांच्या साहाय्याने का होईना, ओझोनची नोंद घेतली.

मात्र उपग्रह मोजतो तो मुख्यतः संपूर्ण स्तंभातील ओझोन. वरचा साठा एवढा मोठा की तळाचा अल्प अंश त्यात झाकून जातो. शिवाय अतिनील प्रकाश जमिनीपर्यंत पुरेसा पोहोचून परत येत नाही, आणि ढग आड येतात ते वेगळेच. अंटार्क्टिकावरील ओझोनचा ऱ्हास १९८५ साली जगापुढे मांडला गेला, तोही जमिनीवरच्या यंत्राच्या आधारे. त्याचा विस्तार दाखवला उपग्रहाने. तात्पर्य, दोन्ही डोळे हवेत.

जमिनीवरचा डोळा नसल्यास काय होते? पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी इतरांच्या सहकार्याने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कापूस, सोयाबीन, भात व गहू यांच्या हानीचा जिल्हावार अंदाज केला. या शतकाच्या पहिल्या दशकात देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन भात दरवर्षी ओझोनने हिरावला, असा त्याचा निष्कर्ष आहे. हा अंदाज संगणकीय प्रतिमानाचा आहे. त्याची परीक्षा शिवारातच व्हावयास हवी.

कोणी म्हणेल, अवर्षण, अतिवृष्टी, पडलेले भाव आणि कर्ज यांनी पिचलेल्या शेतकऱ्याला हे नवे शास्त्र कशाला? आमचे उत्तर असे की, गारपिटीचा पंचनामा होतो, कारण ती दिसते. ओझोनने घटलेला उतारा मात्र बियाण्याच्या, जमिनीच्या किंवा खुद्द शेतकऱ्याच्याच माथी मारला जातो. परळीच्या औष्णिक केंद्राचा धूर यास किती जबाबदार, रस्त्यावरच्या मोटारी किती आणि बांधावर पेटवलेल्या पऱ्हाट्या किती, हेही मोजमापावाचून सांगणे अन्यायाचे होईल. शहरातल्या नोंदीवर विसंबूनही चालणार नाही. मोटारींच्या धुरातील नायट्रिक ऑक्साइड शहरातला ओझोन काही अंशी तेथेच संपवतो. तोच धूर वाऱ्यासरशी खेड्यांकडे गेला म्हणजे तेथे ओझोन वाढू शकतो.

परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून या मातीची सेवा करीत आहे. त्याच्या प्रक्षेत्रावर ओझोनची अखंड नोंद व्हावी, तिचा उताऱ्याशी ताळा घातला जावा, आणि उपग्रहाच्या माहितीसह ती हवामान सल्ल्यातून शेतकऱ्याच्या हाती पडावी, अशी आमची शासनास आग्रहाची सूचना आहे. आकाशात उपग्रह धाडणाऱ्या देशाला शिवारात एक यंत्र ठेवण्याचा खर्च खासच जड नाही.