पुढचे चाक, मागचे चाक

संध्याकाळचे सात वाजले की आमच्या घरात मोटारींचा घरघराट सुरू होतो. कामरेजच्या रहिवाशांस यात नवल वाटण्याचे कारण नाही. राष्ट्रीय महामार्ग उशाशी घेऊन निजणारे आम्ही लोक. परंतु हा घरघराट महामार्गावरचा नसून बैठकीच्या खोलीतला, चिरंजीवांच्या संगणकातून निघणारा असतो. वाचकहो, या सदरात आम्ही बहुधा ग्रंथांविषयी लिहितो. आज मोटारींच्या शर्यतीच्या खेळाविषयी लिहीत आहोत, आणि तेही मराठीचे एम. ए. असून! यंत्रविद्येत आमची मजल शाळेच्या घंटेपलीकडे गेलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

खेळ तसा जुना, २०११ सालचा. ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय शर्यतमार्ग त्यात आहे. त्या मार्गावर ३० ऑक्टोबर २०११ रोजी भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. पुढे २०१२ आणि २०१३ अशा आणखी दोनच झाल्या आणि तिन्ही सेबास्टियन फेटेल या जर्मन चालकाने जिंकल्या. खरी शर्यत तिथेच थांबली. आमच्या बैठकीत ती रोज होते.

आम्हांस वाटले होते की या खेळात बोटांच्या चपळाईखेरीज काही नसावे. एके दिवशी टेबलावर चिरंजीवांची वही उघडी दिसली. शाळेतील प्रयोगवह्या कशा लिहिल्या जातात हे मुख्याध्यापक या नात्याने आम्ही जाणतो: उत्तर आधी, निरीक्षण मागाहून, आणि चूक कुठेच नाही. ही वही उलट होती. एका वेळी एकच बदल, त्यावर तीन फेऱ्या, तिन्हींचे वेळ, आणि शेवटी ‘बिघडले’ किंवा ‘सुधारले’. ‘बिघडले’ हा शब्द अधिक वेळा आलेला पाहून आमचा त्या वहीवर विश्वास बसला.

मग आम्ही शिष्य झालो. सारी विद्या एका प्रश्नाभोवती फिरते. वळणावर प्रथम पकड सोडते कोण, पुढची चाके की मागची? पुढची सुटली तर सुकाणू कितीही वळवा, मोटार हट्टी मुलासारखी सरळच जाते. यास अंडरस्टीअर म्हणतात. मागची सुटली तर शेपूट बाहेर फेकले जाऊन मोटार गरकन फिरते, ते ओव्हरस्टीअर. उपाय अनेक आहेत. वळणावर मोटार बाहेरच्या अंगास कलते, तो कल आवरणारी एक पोलादी दांडी पुढे असते, एक मागे. ज्या बाजूची दांडी कडक, त्या बाजूची चाके आधी पकड सोडतात. म्हणून मोटार वळेनाशी झाली तर पुढची दांडी सैल करावी किंवा मागची कडक करावी. चाकांचा माथा किंचित आत झुकवला तर मोटार कलल्यावर बाहेरच्या चाकाचा टायर रस्त्यास सपाट टेकतो. पुढचे आणि मागचे पंख मोटारीस जमिनीवर दाबतात. वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो. त्यामुळे वेगाच्या वळणावर पंख तारतात, संथ वळणावर त्यांचा फारसा उपयोग नाही, आणि सरळ रस्त्यावर तेच वारा अडवून वेग खातात. काही मिळवावे तर काही द्यावे लागते.

एक गोष्ट मात्र आम्हीच त्यास सांगितली. बैलगाडीची दोन्ही चाके आसावर सुटी फिरतात, म्हणून वळताना आतले चाक सावकाश आणि बाहेरचे लगबगीने चालते. मोटारीत इंजिनाने चाके फिरवायची असल्याने तीच मोकळीक द्यायला दंतचक्रांची योजना करावी लागते, आणि तिला डिफरन्शिअल म्हणतात. ती मोकळीक फार आवळली तर मोटार वळणात शिरताना सरळ जाऊ पाहते. चिरंजीवांनी हे ऐकून वहीत बैलगाडी काढली. आम्हांस धन्य वाटले.

येथवर सारे कौतुकाचे होते. परंतु चिरंजीवांस वाहनपरवाना मिळून दोन महिने झाले तरी महामार्गावर आम्ही त्यास गाडी दिली नव्हती, आणि त्यास कारण होते. १९८२ च्या पावसाळ्यात आमचे काका पिंपळनेरहून रिकामा ट्रक घेऊन नवापूरकडे येत असता चरणमाळ घाटातील एका वळणावर ट्रक उलटला. काका वाचले, डावा पाय कायमचा अधू झाला. ‘ब्रेक निकामी झाले’ असे घरात सांगितले गेले, आणि ब्रेकचे काम केलेल्या नवापूरच्या मिस्त्रीला आमच्या आजीने मरेपर्यंत शिव्याशाप दिले. त्याच्याकडे आमच्या घरातील कोणी पुन्हा पाऊल टाकले नाही. वळणाची धास्ती मात्र आमच्या मनात घर करून राहिली.

गेल्या महिन्यात काका नंदुरबारहून मुक्कामास आले. वय अठ्ठ्याहत्तर. रात्री जेवणे झाल्यावर नातवाशेजारी खुर्ची ओढून बसले. जवळजवळ एक किलोमीटरचा सरळ रस्ता संपून उजवे वळण येते, तिथे चिरंजीवांची मोटार सारखी गरगरत होती. चारपाच वेळा पाहून काका म्हणाले, “मागची चाके अडकतात रे तुझी.”

चिरंजीव चकित झाले. मोटार वळणात चटकन शिरावी म्हणून त्यांनी ब्रेकचा अधिक भार मागच्या चाकांवर टाकला होता, आणि तो काकांस सांगितला नव्हता. “आजोबा, तुम्हांला कसे कळले?”

काका बराच वेळ पडद्याकडेच पाहत राहिले. मग म्हणाले, “रिकामा ट्रक मागून हलका असतो. रस्ता ओला होता. मी वेगात आलो आणि वळणात शिरल्यावर ब्रेक दाबला. मागची चाके अडकली, शेपूट पुढे आले. ब्रेक चांगले होते. फार चांगले होते.”

खोलीत खेळाचा आवाज तेवढा चालू होता. आमच्या सौभाग्यवती दारात उभ्या होत्या, त्या तशाच आत निघून गेल्या. आम्ही काही विचारले नाही. बेचाळीस वर्षांहून अधिक काळ ज्याने हे पोटात ठेवले, त्यास काय विचारावे? आजीला आम्हीही साथ दिली होती; शाळकरी वयात त्या मिस्त्रीच्या दुकानावरून जाताना आम्ही तोंड फिरवीत असू.

चिरंजीवांनी, बहुधा काहीतरी करावे म्हणून, ब्रेकचा भार दोन घरे पुढे सरकवला आणि सरळ रस्त्यावरच वेग उतरवून वळण घेतले. मोटार निघाली. काका म्हणाले, “हां.”

दुसऱ्या दिवशी काकांनी नवापूरला जायचे आहे असे सांगितले. मिस्त्री हयात नाही, त्याचा मुलगा दुकान चालवतो, हे त्यांनी कुठून तरी काढले होते. आम्ही गाडी बाहेर काढली, आणि किल्ली चिरंजीवांच्या हाती दिली. काकांनी आधी चारही टायरांतील हवा तपासून घेतली. मागच्या एकात कमी निघाली. बारडोली, व्यारा मागे पडले. उसाने लादलेले ट्रक एका अंगास झुकत समोरून येत होते आणि आमचा हात दाराच्या मुठीवर घट्ट होता.

सोनगडच्या पुढे वळणे लागली तेव्हा काका एकदाच बोलले.

“आधी. वळणाच्या आधी.”

चिरंजीवांनी ब्रेक आधीच लावला होता.