दामदुपटीची मर्यादा

पाच हजारांचे कर्ज मंजूर व्हावे, शुल्कापोटी त्यांतील दीड हजार आधीच कापून घेतले जावेत आणि सातव्या दिवशी पूर्ण पाच हजारांची मागणी यावी, हा मोबाइलवरील बेकायदा कर्ज-ॲपांचा परिचित शिरस्ता होय. जुन्या त्रैराशिकाने हिशेब करून पाहावा. हाती पडलेल्या साडेतीन हजारांवर आठवड्याचे व्याज शेकडा ४३ च्या घरात जाते. आम्ही वर्गात असे उदाहरण घातले असते, तर आकडा चुकला आहे असे मुलांनीच सांगितले असते!

हप्ता चुकला की ऋणकोच्या मोबाइलमधून उचललेल्या नामावळीतील मामा, शेजारी, कचेरीतील वरिष्ठ अशा साऱ्यांना निरोप जातात. येथे अब्रूच तारण असते, आणि ती सोडविण्यासाठी माणूस दुसरे कर्ज काढतो. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या आरंभी सुमारे ११०० कर्ज-ॲपे आढळली; त्यांतील सुमारे ६०० बेकायदा होती. त्या भामट्यांचा बंदोबस्त पोलिसांनी करावयाचा. आमचा प्रश्न नोंदणीकृत कंपन्यांविषयी आहे. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाचा एकूण वार्षिक दर आधी सांगण्याचे बंधन घातले व मोबाइलमधील नामावळीस हात लावण्यास मनाई केली, हे योग्यच झाले. परंतु दर सांगितला म्हणजे तो न्याय्य ठरतो काय? गरजवंताला अक्कल नसते, हे आपल्या लोकांना फार पूर्वीच कळले होते.

म्हणूनच व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा नियम आपल्या धर्मशास्त्राने घातला. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यातही तो आहे. म्हणजे परवाना घेतलेला गावचा सावकार या दाव्याने बांधलेला, आणि ॲपमागची कंपनी मोकळी! रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तसंस्थांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने केरळ व गुजरात येथील प्रकरणांत मे २०२२ मध्ये ठरविले आहे.

मर्यादा घातली तर गरजू माणूस बेकायदा सावकाराच्या दारी जाईल, असा आक्षेप घेतला जातो. ब्रिटनमध्येही तो घेतला गेला होता. तेथे जानेवारी २०१५ पासून अल्पमुदतीच्या महागड्या कर्जांवर दिवसाला शेकडा ०.८ ची आणि एकंदरीत मुद्दलाइतकीच, म्हणजे आपल्या दामदुपटीचीच, मर्यादा आहे. कर्ज नाकारलेले लोक त्यामुळे बेकायदा सावकारांकडे वळल्याचा पुरावा २०१७ च्या फेरतपासणीत तेथील नियामकांना आढळला नाही.

व्याज, शुल्क व दंड मिळून मुद्दलाहून अधिक रक्कम लहान कर्जांवर घेता येणार नाही आणि दैनिक दरासही सीमा राहील, एवढे एक कलम रिझर्व्ह बँकेने आपल्या निर्देशांत घालावे. त्यासाठी नव्या समितीची आवश्यकता आम्हांस दिसत नाही.