केरसुणीची पूजा

लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, हळदकुंकू वाहून तिला लक्ष्मी मानतो आणि तिच्यापुढे हात जोडतो. दाराशी कचरा न्यायला येणारी बाई महिन्याचे पैसे मागू लागली, की मात्र दाराआडून सांगतो, "पुढच्या आठवड्यात ये!" केरसुणी ती लक्ष्मी, आणि केर उचलणारी ती कटकट! सणाच्या दिवशी हे बोलणे कडू लागेल. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे कारिटाचा कडू थेंब जिभेला लावण्याची आपली रीतच आहे. तसे हे समजावे.

हल्ली नगरपालिकांच्या दरबारी एक मंत्र घुमतो आहे: सार्वजनिक-खासगी भागीदारी. नगरपालिकेने पैसा द्यायचा. खासगी मंडळींनी गाड्या, माणसे आणि शिस्त आणायची. भागीदारीशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते करारातल्या एका ओळीशी. पुष्कळ शहरांत ठेकेदाराला वजनावर पैसे मिळतात. जितके टन कचरा, तितकी रक्कम. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. अर्थशास्त्र मला ठाऊक नाही. म्हणून ही अट मी सातवीच्या वर्गात उदाहरण म्हणून घातली. "अशा ठेकेदाराला कचरा कमी व्हावा असे वाटेल का?" गणितात नेहमी नापास होणारा एक मुलगा मागच्या बाकावरून उठला आणि म्हणाला, "बाई, तो पावसाची वाट बघेल. भिजलेला कचरा जड असतो!"

त्या पोराला जे कळले, ते सभागृहात हात वर करणाऱ्यांना का कळू नये?

असे वाढवलेले वजन जाते कुठे? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या माथी पडला. तिथल्या विहिरींचे पाणी नासले. गावकऱ्यांनी अखेर गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहराला नाक असल्याची आठवण झाली!

पण त्याच पुण्याने भागीदारीचा दुसरा धडाही घालून दिला आहे. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत उभी राहिली. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली, आणि २००८ साली महापालिकेने तिच्याशी करार केला. तिचे तीन हजारांहून अधिक सभासद. त्यांत बहुसंख्य बाया, आणि पुष्कळजणी दलित समाजातल्या. घरोघर जाऊन कचरा घ्यायचा, घरटी ठरलेले शुल्क घ्यायचे, आणि सुका माल विकून चार पैसे जोडायचे. इथे जितका माल वेगळा निघेल तितकी त्या बाईची मिळकत, आणि तितकाच गावावर पडणारा बोजा कमी. दोन्ही भागीदारांचे हित एका दिशेला, याला म्हणतात भागीदारी!

कोणी म्हणतील, बाया कधी खाडा करतात. ठेकेदाराची गाडी गाणे वाजवीत वेळेवर येते. खाड्याची अडचण मलाही सोसावी लागली आहे. त्यावर बदली माणूस नेमता येतो. रोजगारच हिसकावणे हा काही उपाय नव्हे. गाड्या हव्यातच, पण त्या बाईचे ओझे वाहायला, तिचे पोट मारायला नव्हेत. आणि ठेकेदारालाच काम द्यायचे, तर वजनावर नको. किती घरांतून वेगळा केलेला कचरा आला, त्यावर पैसे मोजा. दुसऱ्या दिवशी ओला-सुका वेगळा करण्याची शिकवण तोच दारोदार देत फिरेल!

उरले तिसरे भागीदार, म्हणजे तुम्ही-आम्ही. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करावा, असे २०१६ च्या नियमांनी बजावले. तरीही फराळाचे तेलकट कागद, फुटकी पणती आणि मुलाचे लंगोट आपण एकाच पिशवीत कोंबतो, आणि ती पिशवी दुसऱ्या कुणीतरी उघड्या हातांनी सोडवायची! करारातली ती ओळ बदलायला नगरपालिकेत ठराव लागेल. घरात दोन डबे ठेवायला कोणाचा ठराव हवा?

यंदा केरसुणीला हळदकुंकू वाहाल, तेव्हा दाराशी येणाऱ्या त्या बाईचे थकलेले पैसे आधी चुकते करा. फराळाचे ताट त्यानंतर द्या, पैशांऐवजी नव्हे.