दावणीचं शहाणपण कुत्र्यालाही लागू करा

देवणी गोवंशाला ज्या गावाचं नाव मिळालं, तिथल्या शेतकऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. दोन जनावरांपुढे एकच वैरण टाकायची नसते. दावणीला प्रत्येकाचा खुंटा वेगळा, शिंग पोचणार नाही इतकं अंतर, ज्याची पेंड त्याच्या टोपल्यात. दांडगा बैल शेजारच्या गरीब गाईला ढुसणी देऊन तिचा घास खाणार, हे धरूनच गोठ्याची मांडणी होते. बैलाला त्यासाठी कोणी दुष्ट ठरवत नाही. पण त्याच अंगणातलं कुत्रं दुसरं कुत्रं जवळ येताच चेंडूवर पाय रोवून गुरगुरलं, की 'माजलंय' म्हणून काठी उचलली जाते. हा माज नव्हे. हातचं जाईल या भीतीतून ते गुरगुरतं, आणि काठीने ती भीती वाढते.

'माजलंय' या शब्दामागे एक जुनी समजूत आहे, ती म्हणजे कुत्रं सतत वरचढ होऊ पाहतं, म्हणून त्याला दाबून ठेवावं. तिला शास्त्राचा आधार मिळाला तो 1947 साली रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडलेल्या लांडग्यांवर केलेल्या अभ्यासातून. पुढे डेव्हिड मीच यांनी मोकळ्या रानातले लांडगे पाहून 1999 साली दाखवून दिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, गादीसाठी झगडणारी टोळी नव्हे. कुत्र्यांच्या बाबतीत कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 साली कुत्री पाळणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. जेवताना ताटली काढून घेतली जाणाऱ्या कुत्र्यांमध्ये आपली वस्तू राखण्यासाठी गुरगुरण्याचं, चावण्याचं वागणं अधिक तीव्र आढळलं. खाताना चवदार तुकडा टाकला जाणाऱ्या आणि सांगितल्यावर वस्तू सोडायला शिकलेल्या कुत्र्यांमध्ये ते कमी. अर्थात ही पाहणी आहे, प्रयोग नाही. कुत्रं आधीच चिडकं म्हणून मालक ताटली ओढत असेल, असंही होऊ शकतं. तरी सोप्या तर्कानेही हेच पटतं. दर वेळी माणूस आला की वस्तू जाते, असा ज्याचा अनुभव, ते पुढच्या वेळी दात आधी दाखवणारच.

म्हणून पहिली पायरी शिकवण्याची नाही, मांडणीची. दुसरं कुत्रं येणार असेल तर चेंडू, दोरी, हाडूक आधीच उचलून ठेवावं. चघळायचं हाड ज्याचं त्याला, दाराआड. त्यानंतर 'सोड' शिकवावं, तेही एकटं असताना: साधी वस्तू तोंडात असताना उकडलेल्या अंड्याचा तुकडा नाकाशी धरावा, वस्तू सुटली की तुकडा द्यावा आणि बहुतेक वेळा वस्तूही परत करावी. सोडलं की सगळं जात नाही, हे त्याला त्या परतीतूनच उमगतं. हे पक्कं झालं की दुसरं कुत्रं पट्ट्यावर, लांब उभं करावं. नुसतं दिसावं, पण आपलं ताठरू नये, इतकं लांब. ते दिसलं की तुकडा. अंतर दिवसादिवसांनी कमी करावं. अंग थिजणं, डोक्याने वस्तू झाकणं, डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरं दाखवणं, घास घाईने गिळणं या गुरगुरीच्या आधीच्या खुणा. त्या दिसताच मागे सरावं.

यावर आक्षेप येतो की हे गुरगुरण्याला बक्षीस देणं झालं. क्रम नीट पाहिला तर तसं होत नाही. तुकडा मिळतो तो वस्तू सोडल्याबद्दल आणि दुसऱ्याला शांतपणे पाहिल्याबद्दल, गुरगूर सुरू होण्याआधी. उलट गुरगुरीबद्दल मारत राहिलं तर भीती तशीच राहते आणि इशारा तेवढा बंद होतो. मग कुत्रं न गुरगुरता चावतं. सोडवायला मध्ये घातलेला हातही तेव्हा त्याच्याच तोंडाशी असतो. भांडण जुंपलंच तर पाणी फेकावं, मध्ये फळी सरकवावी, हात घालू नये. चावा बसला तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुऊन लगेच दवाखाना गाठावा, कारण रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. हे शहरातले, महागड्या खेळण्यांचे प्रश्न. देवणीसारख्या सीमेवरच्या तालुक्यातल्या राखणीच्या कुत्र्याला कुठलं खेळणं? खेळणं नसेल, पण भाकरीचा तुकडा आहे, हाडूक आहे, उन्हाळ्यातली सावलीची जागा आहे. झगडा त्यावरूनही तसाच पेटतो. उरलेलं अन्न एकाच ढिगात टाकणारी दयाळू माणसं नकळत रोज तोच झगडा पेटवतात. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी मोकाट कुत्र्यांना खाऊ घालण्याच्या जागा ठरवायला सांगितलं आहे, मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून दूर. त्या जागीही चार घास चार ठिकाणी, अंतराने ठेवले तर निम्मी झटापट तिथेच टळेल. हे शिकवायला जवळच उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गावोगावच्या लसीकरणाच्या दिवशी सुई टोचून झाल्यावर 'सोड' कसं शिकवायचं हे तिथले विद्यार्थी पाच मिनिटांत करून दाखवू शकतील, आणि गोठ्यात दावण बांधणाऱ्याला ते समजायला पाच मिनिटंही लागणार नाहीत.