गडावरचा डायनासोर
२०१४चा ‘द लेगो मूव्ही’ संगणकावर घडला, तरी त्यातल्या ठोकळ्यांवर बोटांचे ठसे आणि ओरखडे मुद्दाम उमटवले आहेत. खेळणं खेळलेलं दिसायला हवं ना! दिग्दर्शक फिल लॉर्ड आणि ख्रिस्तोफर मिलर यांची खरी खोडी शेवटाकडे कळते: खलनायकामागे दडलाय तो ठोकळ्यांचं शहर चिकटवून टाकू पाहणारा बाप. (फेविक्विकच म्हणा ना.) असे बाप आमच्या खासबागमध्येही आहेत. यंत्रमागांच्या या वस्तीत डॅनिश ठोकळ्यांचा मोठा डबा कुणाला परवडतो? पण दिवाळीत दगडमातीचा किल्ला होतो, अळीव उगवतं, आणि मावळ्यांशेजारी प्लास्टिकचा डायनासोर दिसला की वडीलधारे गरजतात, ‘महाराजांच्या गडावर हे काय?’ पोरांचं उत्तर तयार असतं: पहाऱ्याला आहे तो.