मेळावा भरवा, पण एकदा पाड्यावर भरवा



सध्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांचे दिवस आलेत. तालुक्याच्या कॉलेजचा मेळावा झाला. आश्रमशाळेच्या जुन्या दहावीवाल्यांचा झाला. होस्टेलच्या पोरांचा झाला. जे नोकरीधंद्यासाठी लांब गेले त्यांच्यासाठी आता विभागवार मेळावे निघालेत, एक नाशिकला, एक कल्याणला. आमच्यातल्या बऱ्याच कार्यकर्त्यांना निमंत्रणं आली. येणारच, कारण आम्हीही त्याच होस्टेलात पातळ डाळ खाऊन शिकलो. आम्ही दोन मेळाव्यांना गेलो, आणि परत आल्यावर बैठकीत त्यावर बराच वाद झाला. त्या वादातून जे निघालं ते इथं मांडतोय.

आधी चांगलं सांगू. मेळाव्यात आम्हाला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलायचं? पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन ज्याच्याबरोबर डोंगर उतरून शाळेत गेलो, तो पंधरा वर्षांनी भेटला. कोणी मास्तर झालाय, कोणी एसटीत कंडक्टर, कोणी फॉरेस्ट गार्ड. एक ताई नर्स झाली, ती तिच्या पाड्यावरची बारावी झालेली पहिली मुलगी. ही माणसं बारा महिने शहरात शुद्ध बोलण्याची कसरत करतात. कोणी आडनाव विचारलं की दोन क्षण थांबून उत्तर देतात. इथं आली आणि आपल्या बोलीत मोकळी हसली. होस्टेलातून पळून जाणाऱ्यांची नावं निघाली, जेवणातल्या अळ्यांच्या गोष्टी निघाल्या. एक दादा म्हणाला, "इथं मला कोणाला काय समजवून सांगावं लागत नाय." एवढ्यासाठी तरी माणसांनी भेटलंच पाहिजे. मेळावे बंद करा असं आम्ही म्हणत नाही.

आता खटकलं ते. पाहुणे दोन तास उशिरा आले. मग शाल, नारळ, पुष्पगुच्छ, पुन्हा शाल. पाहुण्यांना आणायला तारपा वाजला, आणि वाजवणारे आजे नंतर मांडवाबाहेर बसले, शेवटच्या पंगतीला जेवले. भाषणात सगळे म्हणाले की समाजाचं ऋण फेडलं पाहिजे. कसं फेडायचं हे कोणी सांगितलं नाही. शेवटी एक वही फिरली, त्यात नाव, हुद्दा, मोबाईल नंबर लिहायचा आणि सही करायची. ही वही कशाला, असं आम्ही एका प्राध्यापकांना विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, की कॉलेज तपासायला नॅकची समिती येते, ती माजी विद्यार्थ्यांचा संघ आहे का, त्यांची भेटगाठ होते का, हेही बघते. कॉलेजला ती सही हवी होती.

यात आम्हाला राग येण्यासारखं काही वाटत नाही. कॉलेज चांगलं चाललं तर आपल्याच पोरांचं भलं आहे. पण परतीच्या जीपमध्ये आमच्यातला एक जण म्हणाला, "कॉलेजला कागद पुरा करायचा होता, तर त्याला आपली आठवण झाली. आपल्या पाड्याला पण कागद पुरे करायचे हायेत. पाड्याला आपली आठवण कधी व्हायची?" त्यावर गाडीत कोणी बोललं नाही.

पाड्याचा कागद म्हणजे काय ते एका घरच्या गोष्टीवरून सांगतो. नाव देत नाही, पण अशी घरं तुमच्याही पाड्यावर असतील.

एक विधवा म्हातारी. उतारावर नागली-वरई करते. सासऱ्याने घातलेला दगडी बांध अजून उभा आहे, त्यानेच लावलेला आंबा आहे. वनहक्काचा दावा तिने केला होता. उपविभागीय समितीकडून एक कागद आला. मुलगा भिवंडीकडे वीटभट्टीवर. कागद वाचायला घरात कोणी नाही. सुट्टीत आलेल्या शेजारच्या आठवीतल्या पोराला तिने तो दाखवला. त्याने बोट ठेवून वाचलं आणि म्हणाला, "आजी, मान्य लिव्हलंय." म्हातारीने गूळ वाटला. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला खोचून ठेवला.

आमचा कार्यकर्ता तिथं पोचला तेव्हा त्याने कागद उघडला. लिहिलं होतं: पुरावा अपुरा, दावा अमान्य. पोराने 'अ' सोडून दिला होता. निर्णयाच्या तारखेपासून 71 दिवस झाले होते. जिल्हा समितीकडे अपील करायला नियमाप्रमाणे 60 दिवस असतात, आणि ते कागद हातात पडल्यापासून नाही तर निर्णयापासून मोजले जातात. उशीर का झाला ते लिहून अर्ज दिलाय. पुढं काय होतंय ते बघू.

या म्हातारीचा सख्खा पुतण्या बी.ए. झालेला आहे. त्या 60 दिवसांतच तो कल्याणच्या मेळाव्यात आमच्या शेजारी बसून जेवला. आम्ही नंतर त्याला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "मला कोणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर मी रजा टाकून आलो असतो." आम्हाला ते खरं वाटतं. म्हणून हा लेख त्याला दोष द्यायला लिहिलेला नाही.

दोष द्यायचाच तर थोडा आम्ही आमच्याकडे घेतो. शिकलेलं पोरगं गावात आलं की आपण काय बोलतो? "साहेब झाला, आता आपल्याला कुठं वळखतो." मोर्चाच्या वेळी त्याच्याकडे पावती पुस्तक घेऊन जातो, वर्गणी घेतो, आणि पुढच्या मोर्चापर्यंत विसरून जातो. त्याच्याकडून आपण पैसे मागितले. त्याला येणारं काम कधी मागितलं नाही. त्याला वाचता येतं, लिहिता येतं, ऑफिसातल्या टेबलासमोर न घाबरता उभं राहता येतं. आपल्या चळवळीला ते पैशापेक्षा जास्त लागतं.

कायदा काय मागतो ते पाहा. 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जी जमीन आपण कसतोय, तिचा हक्क, जास्तीत जास्त 4 हेक्टरपर्यंत. दावा आधी ग्रामसभेकडे. पुरावे एकापेक्षा जास्त हवेत. पण पुरावा म्हणजे दंडाची पावतीच पाहिजे, असं नियमात कुठंही नाही. 2008 च्या नियमांत 13 वा नियम वाचा. बांध, सपाटीकरण, घर, झोपडी हा पुरावा आहे. जुनी विहीर, मसणवट, देवाचं ठिकाण हा पुरावा आहे. संस्थानाच्या काळातले कागद पुरावा आहेत, आणि आपल्या भागात जव्हार संस्थान होतं हे विसरू नका. वंशावळ पुरावा आहे. आणि दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलेलं, लिहून घेतलेलं, हाही पुरावा आहे.

त्या आजीकडे यातलं काय नव्हतं? बांध होता. आंबा होता. तिच्या सासऱ्याला त्या उतारावर नांगर धरताना बघितलेले दोन म्हातारे पाड्यावर जिवंत होते. फक्त ते कोणी लिहून घेतलं नव्हतं. म्हाताऱ्यांची तोंडं होती, कानही होते, हात कमी पडले. आणि ते हात दर सहा महिन्यांनी कुठल्या तरी हॉलमध्ये एकत्र जमतात.

जयपालसिंह मुंडांचं नाव आपल्या पोरांनी ऐकलंय. झारखंडकडचे आदिवासी, ऑक्सफर्डला शिकले, 1928 च्या ऑलिम्पिकमध्ये हॉकीच्या संघाचे कप्तान होते. त्यांना जुन्या कॉलेजच्या आठवणींत जन्म काढता आला असता. 1939 मध्ये ते आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले, पुढं घटना समितीत आपल्या लोकांसाठी बोलले. सगळ्यांना जयपालसिंह होता येणार नाही, आणि आमचं तसं मागणंही नाही. आमचं मागणं वर्षातल्या दोन दिवसांचं आहे.

माजी विद्यार्थी मंडळींना आमची सूचना अशी. एक मेळावा पाड्यावर भरवा. तारीख होळीच्या दुसऱ्या दिवसाची धरा. दिवाळीनंतर आपली माणसं भट्टीवर, रेतीवर, द्राक्षाच्या मळ्यात जातात, तेव्हा पाडा रिकामा असतो. पावसात लावणी असते. होळीला मात्र भट्टीवाला येतो आणि नोकरीवालाही येतो. दोघं एकाच वेळी गावात असण्याचे ते दोनच दिवस.

हॉलचं भाडं नको, शाल नको. तांदूळ पाड्याचा, डाळ तुमची. तारपा वाजेल, पण वाजवणारे पहिल्या पंगतीला बसतील. जेवण झालं की जोड्या पाडायच्या, एक म्हातारं माणूस आणि एक लिहिणारा. म्हाताऱ्याने सांगायचं, त्याने लिहायचं. सांगेल तसंच लिहायचं, त्याला ऑफिसातल्या मराठीचा कोट घालायचा नाही. लिहून झालं की चार माणसांसमोर मोठ्याने वाचून दाखवायचं, मगच अंगठा. ज्यांच्या घरी न वाचलेले कागद आढ्याला खोचलेले आहेत त्यांनी ते घेऊन यायचे. प्रत्येक कागदावर तारीख बघायची आणि अपिलाचा शेवटचा दिवस मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहायचा.

जुन्या विद्यार्थिनींना वेगळं बोलवा. मेळाव्याचं निमंत्रण माहेरच्या पत्त्यावर जातं, ती सासरी असते, आणि मग "मुली येत नाहीत" असं आपण म्हणतो. या कायद्यात लग्न झालेल्याचा पट्टा नवरा आणि बायको दोघांच्या नावाने द्यायचा आहे, कलम 4 पोटकलम 4. किती दाव्यांवर बाईचं नाव घातलंय हे तपासायचं काम त्या नर्स ताईसारखी बाई आमच्यापेक्षा चांगलं करील. तिच्यासमोर बायका बोलतील.

दोन शंका येतील, त्या आधीच घेतो.

सरकारी नोकरीतले म्हणतील, आमची नोकरी अडचणीत येईल. तुम्हाला मोर्चाच्या पुढं कोणी उभं करत नाही. ज्यांचं नाव अजून गावात आहे ते तर ग्रामसभेचे माणूसच आहेत. आपल्या आज्याचं सांगणं लिहून घेतलं म्हणून नोकरी जात नाही. फॉरेस्टमध्ये लागलेल्या भावांनाही आम्ही हेच सांगतो. तुम्हीही याच होस्टेलचे. तुमच्याकडून आम्हाला नियम मोडून काही नको. जागेवर पाहणीला याल तेव्हा बांध दिसला तर बांध लिहा, आंबा दिसला तर आंबा लिहा. न दिसलेलं लिहू नका आणि दिसलेलं गाळू नका.

पाड्यावरचे काही म्हणतील, हे शिकलेले आले की तेच बोलतील, आपल्याला गप्प बसवतील. ही भीती खोटी नाही. असं झालेलं आम्ही पाहिलंय. म्हणून त्या दिवशी बोलण्याचा मान म्हाताऱ्यांचा, ठराव करण्याचा ग्रामसभेचा. शिकलेल्याने विचारलं तर सांगायचं. आणि दुसरी गोष्ट, लिहिणारा मिळाला म्हणून 2005 नंतर तोडलेलं रान कोणी दाव्यात घुसवायचं नाही. एक खोटा दावा सापडला की त्याच्या आडून शंभर खरे पाडतात. शिकलेल्या पोराने तिथं सख्ख्या काकालाही नाही म्हणायचं.

कॉलेजचा मेळावाही होऊ द्या. भेटा, हसा, अळ्यांच्या गोष्टी सांगा. त्या वहीत सहीही करा. फक्त त्या वहीतली नावं आणि नंबर उतरवून घ्या, आणि गावनिहाय यादी करून आपापल्या वनहक्क समितीकडे द्या. पुढच्या वेळी असा कागद आला तर आठवीतल्या पोराकडे जायची पाळी येऊ नये, एक फोन करता यावा.

सुरुवात आम्ही आमच्या पाड्यांपासून करतोय. येत्या होळीला तीन पाड्यांवर बसायचं ठरलंय. तुमच्या गावात ठरलं तर संघटनेच्या ऑफिसात कळवा, दाव्याचे कोरे फॉर्म आणि 13 व्या नियमाची प्रत आम्ही पोचवू. येताना शिदोरी नाही आणली तरी चालेल. पेन आणा, आणि शाळेचा आपला दाखला आणा. त्यावर तुमच्या गावाचं नाव लिहिलेलं आहे.

जोहार. जिंदाबाद.