नकाशा म्हणजे नवी मोडी!

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

"गवंड्याच्या पोराला नकाशा वाचून काय करायचे आहे? सांगितलेली वीट सांगितल्या जागी ठेवावी, म्हणजे झाले!" असे म्हणणारे शहाणे आमच्या सातारा-सांगलीकडे अद्याप पुष्कळ आहेत. त्यांना आमचा सवाल आहे. भिंत ज्याच्या हातांनी उभी राहते आणि छत ज्याच्या लेकरांवर कोसळते, त्याच्यापासूनच हा कागद गुंडाळून का ठेवता?

पूर्वी कुळकर्ण्याचे दप्तर मोडीत असे. रयतेने त्यावर अंगठा उठवावा, आणि आत काय लिहिले होते ते जमीन गेल्यावर समजावे! कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१८ साली कुळकर्णी वतने बरखास्त केली. पुढे व्यवहारातून मोडीही गेली. पण बांधकामाच्या कागदाची नवी मोडी आली. मूळ कटगुणच्या घराण्यातले जोतीराव फुले स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत. म्हणूनच इंजिनीअर खात्यातली लबाडी त्यांना आतून दिसली व ती त्यांनी निर्भीडपणे मांडली.

ही नवी मोडी कितीशी अवघड आहे? कागदाच्या उजव्या खालच्या चौकटीत बहुधा कामाचे नाव व प्रमाण असते. १:१०० म्हणजे कागदावरचा १ सेंटीमीटर हा जमिनीवरचा १ मीटर. घर खिडकीच्या उंचीवर आडवे कापून वरून पाहिले, की झाला 'प्लॅन'. समोर उभे राहून पाहिले, की 'एलेव्हेशन'. कलिंगडासारखे उभे चिरून आत पाहिले, की 'सेक्शन'. पाया किती खोल, स्लॅब किती जाड, ते इथे कळते. मापे बहुतेक मिलिमीटरमध्ये असतात. ३००० म्हणजे ३ मीटर, सुमारे दहा फूट. पट्टी लावून मोजू नये, लिहिलेला आकडा मानावा.

सळईजवळ ८ आणि १५० हे आकडे दिसले, तर ८ मिलिमीटरची सळई दर १५० मिलिमीटरवर, म्हणजे साधारण अर्ध्या फुटावर हवी. ठेकेदाराने ती फुटाफुटावर टाकली, तर निम्मे लोखंड कोणाच्या घरी गेले? काँक्रीट ओतल्यावर सळई देवालाही दिसत नाही. म्हणून मोजणी ओतण्याआधीच झाली पाहिजे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सोसलेल्या मुलखात ही चोरी पैशाची नव्हे, जिवाची आहे.

कोणी म्हणेल, सरकारी कागद आम्हांस दाखवतो कोण? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने सरकारी कामाचा नकाशा पाहण्याचा, त्याची प्रत घेण्याचा, कामाची पाहणी करून मालाचा नमुना घेण्याचाही हक्क दिला आहे. अर्जास १० रुपये लागतात. उत्तराची मुदत ३० दिवसांची. पण हाती आलेला कागद वाचताच येत नसेल, तर तो हक्क काय लोणच्यात घालायचा?

आम्ही गावच्या शाळेत भूमिती शिकवणारी माणसे. फळ्यावरचा चौकोन ज्या पोराला कळतो, त्याला खोलीचा नकाशा कळतो, हे आम्ही खात्रीने सांगतो. मग जन्मभर ओळंबा आणि गुण्या धरणाऱ्यास तो जड का जावा? गावोगावच्या शाळेत आठवड्यातून एक संध्याकाळ यासाठी द्या. मायबहिणींनो, काँक्रीटची पाटी तुमच्याही डोक्यावर असते, तुम्हीही या.

आणि पुढचा स्लॅब पडण्याआधी कागद मागा, जमिनीवर पसरा, आकड्यावर बोट ठेवा आणि जाब विचारा!